'ऑल्दो'च्या मागोमाग येणारा 'बट'

बीबी का मकबऱ्याच्या आवारात, पाण्याच्या हौदाशेजारी तासभर बसलं की एक वाक्य तीन-चार वेळा कानावर पडतं. गाइड बदलतो, पाहुणे बदलतात, वाक्य तेच. 'ऑल्दो इट इज स्मॉल, बट इट इज व्हेरी ब्यूटिफुल.' पुढे ताजमहालाशी तुलना, मग 'पुअर मॅन्स ताज', म्हणजे गरिबाचा ताज. मग आकडे. इथला खर्च गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'त 6,68,203 रुपये नोंदला आहे, आणि ताजचा तीन कोटींच्या वर सांगितला जातो. घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी, बाकी सगळा चुन्याचा गिलावा. तो ओळखू येऊ नये इतका गुळगुळीत, पण गिलावाच.

त्या वाक्यात चूक आहे, हे सातवी-आठवीतलं कुठलंही हुशार पोर सांगेल. 'ऑल्दो' आलं की 'बट' येत नाही. एकदा सवलत दिली की दुसऱ्यांदा द्यायची नाही. आमच्या शाळेत इंग्रजीच्या सरांचा लाल पेन याच 'बट'वर सगळ्यात जास्त झिजला असेल. सर तो 'बट' गोल करून खोडायचे आणि समासात उद्गारचिन्ह काढायचे. कारण कधी सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम. आम्ही पुढच्या परीक्षेत पुन्हा तीच चूक करायचो, आणि आज चाळिशी-पन्नाशीत आलेले माझे वर्गमित्र ऑफिसच्या मेलमध्ये अजूनही करतात.

ही चूक इतकी चिवट का, याचा शोध घेताना मला आमच्या शहराचा बराच इतिहास सापडला. (शहराचं नाव 2023पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आहे. मी ज्या काळाबद्दल बोलतोय तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद होतं, म्हणून इथे तेच वापरतो. या वाक्यातही एक 'जरी' आणि एक 'तरी' लपलेले आहेत, याची मला कल्पना आहे.)

आधी व्याकरणाचं. मराठीत अनपेक्षित गोष्ट सांगायची तर 'जरी' आणि 'तरी' जोडीने येतात. संस्कृतातही यद्यपि-तथापि अशी जोडीच होती. आपल्या भाषेची ही खोड जुनी आहे: जो-तो, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा, जितका-तितका. एक हात पुढे केला की दुसरा हात त्याला धरायला यावाच लागतो. त्यामुळे 'ऑल्दो' नावाचा एक हात हवेत लोंबकळत ठेवून वाक्य संपवायचं म्हणजे मराठी मनाला कुणीतरी नमस्कार केला आणि आपण उत्तरच दिलं नाही, असं वाटतं. म्हणून 'बट' येतो. तो शिष्टाचार म्हणून येतो.

इंग्रजीतही पूर्वी ही जोडी चालायची. सतराव्या शतकातल्या त्यांच्या बायबलच्या भाषांतरात 'दो'च्या पाठोपाठ 'येट' सर्रास भेटतो. पुढे त्यांनी दुसरा हात काढून घेतला. गंमत अशी की आपणही एक हात काढतो, पण उलटा. 'पाऊस चांगला झाला तरी विहिरीला पाणी नाही.' इथे 'जरी' गळाला, 'तरी' राहिला. इंग्रजी पहिला शब्द ठेवते, मराठी दुसरा. यातून ऐकणाऱ्याच्या अनुभवात फरक पडतो. 'ऑल्दो' कानावर पडताच इंग्रजी ऐकणारा सावध होतो: चला, पुढे काहीतरी उलटं येणार. मराठीत 'पाऊस चांगला झाला' इथपर्यंत आनंदीआनंद असतो. मग 'तरी' येतो आणि तोंड उतरतं. मराठवाड्यात शेती केलेल्या माणसाला ही वाक्यरचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकांमध्ये जा. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली उभयान्वयी अव्ययांचे प्रकार घोकत असतात. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. 'पण, परंतु, परी, किंतु, बाकी' हे न्यूनत्वबोधक. मला हा शब्द फार आवडतो. आधीच्या वाक्यात काहीतरी न्यून राहिलंय, उणीव आहे, असं सांगणारा शब्द म्हणजे 'पण'. इंग्रजी व्याकरण याच शब्दांना जे नाव देतं त्याचा अर्थ 'विरुद्ध तोंड केलेले' असा आहे. तिथे सामना आहे. आपल्याकडे नुसती तूट आहे. उर्दूत, अरबी व्याकरणाच्या परंपरेप्रमाणे, 'लेकिन'ला हर्फ-ए-इस्तिदराक म्हणतात. मागच्या वाक्याने ऐकणाऱ्याच्या मनात जो गैरसमज निर्माण झाला असेल तो दुरुस्त करणारा शब्द. म्हणजे एक भाषा म्हणते भांडण, दुसरी म्हणते उणीव, तिसरी म्हणते खुलासा. 

'जरी-तरी' मात्र आपल्या व्याकरणाने 'जर-तर'च्याच डब्यात, संकेतबोधक म्हणून टाकले. म्हणजे 'पाऊस पडला तर पीक येईल' आणि 'पाऊस पडला तरी पीक येणार नाही' हे एकाच प्रकाराचे. रचना म्हणून ठीक. पण पहिल्या वाक्यातला हिशेब जुळतो, दुसऱ्यातला फिसकटतो, आणि या फिसकटण्याला आपल्या व्याकरणात स्वतंत्र नाव नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून, आणि मो. के. दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं 1911मध्ये. या पाऊणशे वर्षांत पुण्या-मुंबईत मराठी आणि इंग्रजी एकमेकींसमोर बसून एकमेकींची मापं घेत होत्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831चा, कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847चा. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द हवा असेल तर संस्कृतकडे हात पसरायचा, ही सवय तेव्हाचीच. 'तथापि', 'यद्यपि', 'किंबहुना' हे शब्द पाठ्यपुस्तकात आणि अग्रलेखात स्थिरावले ते या काळात.

औरंगाबादमध्ये यातलं काहीच घडत नव्हतं. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. दरबाराची भाषा आधी फारसी, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उर्दू. 1918मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि त्याने तेव्हा कुणी धजत नव्हतं अशी गोष्ट केली. वैद्यक, कायदा, गणित, सगळं उर्दूतून शिकवायचं. इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून होतं, पण माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या पोराला त्यातून काय मिळालं आणि काय गमवावं लागलं, याचा हिशेब मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात पुरेसा मांडला गेला आहे, आणि तो कडवट आहे. आपली भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून आत जायचं, हे सोपं नव्हतं. सरस्वती भुवनसारखी संस्था 1915मध्ये उभी राहिली, त्यामागे ही बोच होतीच.

मला इथे फक्त एका परिणामाबद्दल बोलायचं आहे. आमच्याकडे इंग्रजी आलं ते मराठीच्या दारातून आलं नाही, उर्दूच्या दारातून आलं. माझे आजोबा उर्दू माध्यमात शिकले. मी पाचवीत असताना त्यांना 'ऑल्दो'चा अर्थ विचारला तेव्हा त्यांच्या तोंडून आधी निघालं 'अगरचे'. मग थांबले, आणि म्हणाले, 'म्हणजे आपलं जरी रे.' इंग्रजी शब्दापासून घरच्या शब्दापर्यंत जाताना त्यांना मध्ये एका स्टेशनवर गाडी बदलावी लागायची. आणि त्या स्टेशनवरही जोडीच होती: अगरचे आलं की पुढे लेकिन, मगर, ताहम किंवा फिर भी येणार. मराठी पोराच्या 'ऑल्दो'मागे 'बट' येतो तो एका कारणाने. आमच्या शहरातल्या पोराच्या मागे दोन भाषांचं पाठबळ होतं. बिचारा लाल पेन कुणाकुणाला पुरणार?

गाडी बदलताना सामानाची अदलाबदलही व्हायची. 'मगर' म्हणजे उर्दूत 'पण', मराठीत नदीतली मगर. 'अगर' म्हणजे उर्दूत 'जर', आणि जुन्या मराठी दस्तऐवजांत 'किंवा'. आजोबांच्या पिढीत या घोटाळ्यांवरचे विनोद घरोघरी होते. ते आता मेले, कारण ते समजायला दोन्ही भाषा लागतात.

या स्टेशनाचे स्टेशनमास्तर म्हणावेत असे गृहस्थ औरंगाबादमध्येच राहत होते. मौलवी अब्दुल हक. जन्म हापूडचा, शिक्षण अलीगढला, नोकरी निजामाच्या शिक्षण खात्यात. 1912 साली ते अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीस झाले आणि संस्थेचा कारभार औरंगाबादला आला. पुढची वीसेक वर्षं उर्दू भाषेच्या साऱ्या हिंदुस्थानातल्या कामाचं केंद्र लखनौ नव्हतं, दिल्ली नव्हती, आमचं गाव होतं. उस्मानियासाठी पुस्तकं भाषांतरित करणाऱ्या दारुल-तर्जुमाची सुरुवातीची सूत्रं त्यांच्याकडे होती, पुढे ते औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. 'उर्दू' हे त्रैमासिक 1921पासून इथून निघालं. आणि 1937मध्ये अंजुमनने 'स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी' प्रसिद्ध केली. तिचा पाया कन्साइज ऑक्सफर्डचा होता. पहिल्या पानावर प्रकाशनाचं गाव म्हणून औरंगाबाद दख्खन छापलेलं आहे. पुढे तो कोश भारत-पाकिस्तानात कित्येक पिढ्यांनी वापरला. मराठी मुलखात तयार झालेल्या या कोशाची दखल मराठीतल्या कोशांच्या इतिहासात मला कुठे ठळक दिसली नाही, आणि त्यात फार आश्चर्यही वाटलं नाही.

त्या कोशाच्या निमित्ताने इंग्रजीतल्या या 'आश्चर्यशब्दां'ची फोड करून बघायची मला चटक लागली. 'डिस्पाइट'च्या पोटात जुनी फ्रेंच तिरस्काराची भावना आहे. कुणालातरी न जुमानता, नाक उडवून. 'इन स्पाइट ऑफ'मध्ये तर ती उघडच दिसते. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे समोर उभं राहून न अडवता. 'बट'चा मूळ अर्थ 'बाहेर'. आता उर्दूतलं 'बावजूद' बघा. बा म्हणजे सह, वजूद म्हणजे अस्तित्व, असणं. 'असण्यासह.' आणि मराठीत आपण काय म्हणतो? 'असूनही.' असणं, आणि त्यावर एक 'ही'. तिरस्कार नाही, अडवणूक नाही, दोन गोष्टी एका जागी असणं एवढंच. फारसी आणि मराठी, दोघींनी स्वतंत्रपणे हा शब्द एकाच मातीतून घडवला. आजोबांना 'बावजूद'वरून 'असूनही'वर येताना गाडी बदलल्याचं जाणवतही नसेल.

आपला 'पण' तर त्याहून साधा. संस्कृत 'पुनः', प्राकृत 'पुण', मग पण. म्हणजे 'आणखी, पुन्हा'. कोकणीत पूण, गुजरातीतही पण. ज्ञानेश्वरांच्या भाषेतला 'परि' वेगळ्या घराण्यातला, पण तो आमच्याच जिल्ह्यातला म्हणायला हरकत नाही, आपेगाव इथून हाकेच्या अंतरावर. आणि पैठणच्या एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला, त्यात दोघं आपापल्या बोलीत कडाकडा भांडतात. दोन भाषांत वाद घालून शेवटी एकत्र येण्याचा सराव या भागाला इंग्रजी येण्याच्या तीनशे वर्षं आधीपासून होता.

इथपर्यंत सगळं शब्दांचं कौतुक झालं. खरी अडचण हे शब्द माणसांना लावले जातात तेव्हा सुरू होते.

अब्दुल हक मकबऱ्याच्या बागेच्या आवारातच राहायचे, बागेची देखरेखही त्यांच्याकडे होती. तिथे नामदेव नावाचा माळी होता. त्याच्यावर त्यांनी एक व्यक्तिचित्र लिहिलं, 'नामदेव माली'. 'चंद हमअसर' या त्यांच्या पुस्तकात ते आहे. त्या पुस्तकात बाकी सगळे समकालीन थोर लोक, आणि त्यांच्या रांगेत हा माळी. सुरुवातीलाच लेखक त्याची जात सांगतात, ती खालची समजली जाते हे सांगतात, आणि मग म्हणतात की चांगुलपणा ही कुणा एका जातीची मिरास नाही. पुढे नामदेवाचं वर्णन आहे. झाडांशी बोलणारा, कीड लागली की आजारी लेकराजवळ बसावं तसा रोपाजवळ बसणारा. स्वतःला मूलबाळ नव्हतं. दुष्काळ पडला, बागा वाळल्या, हा लांबून पाणी, मिळेल ते गढूळ पाणी, डोक्यावरून आणून झाडांना घालत राहिला. बक्षीस देऊ केलं तर घेतलं नाही, आपल्याच लेकरांना वाढवायचं कसलं बक्षीस, असा त्याचा सवाल. शेवटी एके दिवशी बागेत मधमाश्यांचं मोहोळ उठलं. बाकीचे माळी पळाले. हा कामात इतका गढलेला की त्याला कळलंच नाही. त्यातच गेला.

फार सुंदर लेख आहे. पाकिस्तानात तो शाळेत शिकवला जातो. लाहोरमधल्या पोराला आमच्या मकबऱ्यातला नामदेव माहीत असतो, आणि इथल्या मराठी शाळेतल्या पोराला नसतो. तरीही तो वाचताना मला दर वेळी पहिल्या परिच्छेदाशी अडखळायला होतं. लेखकाला जात सांगावी लागली, कारण वाचकाच्या मनात जे येणार ते त्याला आधीच दुरुस्त करायचं होतं. हा शुद्ध इस्तिदराक. हेतू निर्मळ, माणूस मोठा. पण त्या वाक्याच्या तळाशी एक 'बावजूद' बसलेला आहे, आणि तो नामदेवाबद्दल काही सांगत नाही. तो वाचकाबद्दल सांगतो. अमुक जातीचा असूनही इतका निष्ठावान. या वाक्यातलं आश्चर्य नामदेवाच्या अंगात नाही, ते बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून होतं.

'असूनही' बोलणाऱ्याची झडती घेतो. 'लहान असूनही सुंदर' म्हणणारा सुंदर वास्तू मोठीच असणार असं धरून चालला होता. मुंबईच्या किंवा पुण्याच्या मुलाखतीत 'मराठवाड्यातले असूनही तुमचं इंग्रजी चांगलं आहे' हे वाक्य आमच्या पिढीतल्या किती जणांनी ऐकलंय. शहागंजातल्या माझ्या एका मित्राला मराठी माणसं भेटली की दहा मिनिटांत सांगतात, 'मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी बोलता!' त्याच्या घराण्याला या गावात माझ्या घराण्यापेक्षा जास्त पिढ्या झाल्या आहेत. तो हसतो. इंग्रजीत हेच वाक्य टाकलं तर आतला 'स्पाइट' उघडा पडतो. मराठीत तो 'ही'च्या मागे लपतो, म्हणून जास्त काळ टिकतो.

1948च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि उर्दूचं स्टेशन काही वर्षांत बंद झालं. 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज सुरू केलं. पुढच्या वर्षी, 1 सप्टेंबर 1951ला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराला नाव नागसेनवन, कॉलेजला मिलिंद. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन. हा ग्रंथ मी चाळला तो केवळ नावाच्या कुतूहलापोटी, आणि त्यात एक पूर्ण भाग असा निघाला की राजा बुद्धाची दोन परस्परविरोधी वचनं समोर ठेवतो आणि विचारतो, हे खरं असेल तर ते खोटं, ते खरं असेल तर हे खोटं, आता बोला. या प्रश्नांना मेंडकपञ्ह म्हणतात. मेंडक म्हणजे मेंढा, दोन शिंगांत अडकवणारा प्रश्न. नागसेन दोन्ही शिंगं धरून उत्तर देतो. 'जरी' आणि 'तरी' अशा दोन हातांनी धरल्यासारखा.

कॉलेज सुरू होण्याआधी काही महिने, 25 नोव्हेंबर 1949ला, बाबासाहेबांनी संविधान सभेत केलेलं भाषण सर्वांना माहीत आहे. 26 जानेवारीला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. हे आपण मराठीत सांगताना जीभ आपोआप मध्ये 'पण' घालते. राजकारणात समता पण समाजात विषमता. मूळ इंग्रजी भाषण काढून पाहिलं तर त्या जागी 'बट' नाही, 'अँड' आहे. समता असेल आणि विषमता असेल. इंग्रजीवर असं प्रभुत्व असलेल्या माणसाने तिथे 'बट', 'येट', 'डिस्पाइट' यांपैकी काहीही वापरता आलं असतं. न वापरण्यामागे काय होतं ते तेच जाणोत. मला वाचताना जे जाणवतं ते इतकंच, की 'बट' म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं, वक्त्याला हे अनपेक्षित आहे. ज्याने ही विषमता जन्मापासून अंगावर घेतली, त्याला त्यात अनपेक्षित काय असणार? दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, मध्ये 'आणि' टाकला. आश्चर्य वाटून घ्यायचं असेल तर ते सभागृहाने वाटून घ्यावं.

हा 'आणि' पुढे आमच्या शहरात आणखी एकदा दिसला, फार मोठी किंमत मोजून. मराठवाडा विद्यापीठ 1958मध्ये सुरू झालं. 27 जुलै 1978ला विधिमंडळाने त्याला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलितांची घरं जाळली, माणसं मारली. त्या काळातले युक्तिवाद आज वाचवत नाहीत. त्यातला एक लाडका नमुना मात्र नोंदवायला हवा: 'आमचा बाबासाहेबांना विरोध नाही, पण…' हा 'पण' न्यूनत्वबोधक खरा, त्या वाक्यातली सगळी उणीव त्यानेच दाखवली. सोळा वर्षांनी, 14 जानेवारी 1994ला, तोडगा निघाला तो नामविस्ताराचा: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावं एकापुढे एक. मध्ये ना पण, ना तरी.

आता शहरात स्पोकन इंग्लिशचे क्लास गल्लोगल्ली आहेत. तिथल्या फळ्यांवर 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'इव्हन दो' यांचे तक्ते असतात, आणि 'ऑल्दो'नंतर 'बट' नको ही सूचना चौकटीत. मुलं मराठी बोलतानाही आता सरळ 'बट' म्हणतात. 'मी गेले होते, बट ते नव्हते.' शुद्धतावाद्यांना याचा त्रास होतो. मला तितका होत नाही, कारण 'बट' हा उच्चारायला 'पण'इतकाच आखूड आहे आणि त्याच जागी बसतो. मला त्रास होतो तो वाक्याच्या सुरुवातीला येणाऱ्या 'मात्र'चा. 'मात्र, पोलिसांनी नकार दिला.' हा इंग्रजीतल्या 'हाउएव्हर'चा हुबेहूब पुतळा आहे, स्वल्पविरामासकट. मराठीत 'मात्र' ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या मागे उभा राहायचा: पोलिसांनी मात्र नकार दिला. इंग्रजी शब्द आला तर दिसतो तरी. इंग्रजी वाक्याची चाल मराठी शब्द नेसून येते तेव्हा कुणी हटकत नाही.

गेल्या डिसेंबरात पुन्हा मकबऱ्यात गेलो होतो. विशीतला एक गाइड चार जर्मन पाहुण्यांना घुमट दाखवत होता. वाक्य आलंच, ऑल्दो आणि बट, दोन्ही हात जोडलेले. पाहुण्यांनी माना डोलावल्या, त्यांना कसलीच चूक जाणवली नसावी. त्यांना फोटो काढायला सोडून तो सावलीत त्याच्या सोबत्याजवळ आला. त्याने विचारलं, आज गर्दी कशी? हा गावच्या दख्खनीत म्हणाला, 'लोगां तो भोत हैं, पन टिप कोइच नइ देरा.' त्यातला 'पन' आमचा, 'च'ही आमचा, बाकीचं त्याचं. मग घड्याळ बघून तो पुन्हा पाहुण्यांकडे गेला, आणि हौदाशी उभा राहून गिलाव्याबद्दल सांगू लागला.